फिल्टरच्या पाण्याला येणारा वास

जुळे सोलापूर,
गुढीपाडव्यानंतरचा गुरुवार

तीर्थरूप अक्काच्या पायांवर धाकट्या यज्ञेश्वरचा नमस्कार.

वैरागचं ऊन आमच्यापेक्षा कमी नसणार, तरी तू दुपारी वाळवणं राखत गच्चीवर बसत नाहीस असं धरून चालतो. (बसतेसच. मला माहीत आहे.) गुडघ्याला तेल चोळणं चालू ठेव. आम्ही दोघं बरे आहोत. प्रभा माझ्याशी कामापुरती बोलते आहे, त्याचं कारण सांगायलाच हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण शेजारच्या मथुराबाईंचं आणि आमचं स्वयंपाकघर यांत एकाच विटेची भिंत आहे.

दिवाळीत जावयाने, म्हणजे अद्वैतरावांनी, आम्हाला फ्रिज पाठवला हे तुला ठाऊक आहे. त्याच्या दारातून पाणी येतं हे ठाऊक नसेल. पेला दाबला की गार पाणी, आणि तेही आत बसवलेल्या फिल्टरमधून गाळून. आता मला सांग, पुण्यात राहणारा माणूस न मागता सासऱ्याला एवढी मोठी वस्तू कशाला देईल? मी सोबतचं पुस्तक तीनदा वाचलं. त्यात लिहिलंय की फिल्टर दर सहा महिन्यांनी बदलावा, पाणी स्वच्छ दिसत असलं तरी. स्वच्छ दिसत असलं तरी! चाळीस वर्षं शाळेच्या कार्यालयात मी असली वाक्यं वाचली आहेत, ती कुणाच्या सोयीसाठी लिहितात ते मला कळतं. फिल्टर बदलायची वेळ झाली की दारावर तांबडा दिवा लागतो म्हणे. तो नेमका केव्हा लागतो यावर लक्ष ठेवावं म्हणून मी फ्रिज माझ्या खुर्चीसमोर सरकवून घेतला.

आणि पंधरा दिवसांत पाण्याला वास येऊ लागला. जुन्या छत्रीला येतो तसा. प्रभाला आधी येत नव्हता, मी रोज सांगितल्यावर येऊ लागला. मी पूर्वीसारखा कोपऱ्यावरच्या दुकानातून पाण्याचा जार आणू लागलो. लिफ्ट नाही, दुसरा मजला, पण निदान वास तरी नाही.

महाशिवरात्रीला श्रावणी, अद्वैतराव आणि त्यांची छोटी ओवी आले. ओवीला त्या दारातल्या पाण्याची लई गंमत. तिने पेला भरला आणि तोंडाला लावणार, एवढ्यात मी तो हातातून काढून घेतला आणि म्हणालो की हे पाणी झाडांना घालायचं आहे, माणसांना नाही. तो पेला मी अद्वैतरावांच्या समोर तुळशीत ओतलासुद्धा. (तुळस जगली. पण ती काहीही सोसते.) ते तिघं दुसऱ्या दिवशी निघणार होते, त्याच संध्याकाळी निघाले. तेव्हापासून श्रावणीचा फोन येतो तो आईला. मी घेतला तर ती म्हणते, 'बाबा, आईला द्या.' अक्का, पस्तीस दिवस झाले. मी मोजले आहेत.

एखाद्याने इथे हार मानली असती. मी पुरावा गोळा करायचं ठरवलं. पाडव्याला इमारतीतल्या लोकांना श्रीखंडाला बोलावलं आणि नंतर पाच स्टीलच्या पेल्यांत पाणी ठेवलं: नळाचं, जारचं, माठाचं, बोअरचं आणि फ्रिजचं. कुठल्या पेल्यात काय हे माझ्या खिशातल्या चिठ्ठीवर. मथुराबाईंनी पाचवा पेला नाकाजवळ नेऊन खाली ठेवला. वरच्या मजल्यावरचे सिद्रामप्पा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, त्यांनी घोट घेतला आणि थुंकायला बाल्कनीत गेले. पाचवा फ्रिजचाच होता. मी सर्वांसमक्ष जाहीर केलं की फिल्टर ही शुद्ध फसवणूक आहे आणि उद्याच मेकॅनिककडून तो उपटून काढतो.

मेकॅनिक आला, मल्लप्पा नावाचा. अक्कलकोटकडचा, शांत माणूस. त्याने फ्रिज उघडला, आत हात घातला आणि म्हणाला की सायेब, हितं फिल्टरच न्हाय, नुसतं टोपण बसवलंय. माझी पहिली शंका अद्वैतरावांवर गेली, हे कबूल करतो. पाहिलंत, म्हणालो मी, फिल्टरशिवायच पाठवला! तेव्हा प्रभा ओट्यापाशी भाजी चिरत होती. तिने विळी आडवी केली.

"संक्रांतीलाच काढून ठेवलाय मी तो," ती म्हणाली. "बघत होते, तुमची तक्रार थांबते का."

अक्का, संक्रांतीपासून मी ज्या फिल्टरच्या वासाची तक्रार करत होतो, तो फिल्टर पोह्यांच्या डब्यामागे पिशवीत होता. मग वास कशाचा? मल्लप्पाने फ्रिज पुढे ओढला, मागे वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. मग त्याने विचारलं, "हे कुणी जोडलं ओ?" मी जोडलं होतं. फ्रिज खुर्चीसमोर सरकवल्यावर कंपनीची पांढरी नळी कमी पडली, तेव्हा जुन्या कूलरच्या पाइपाचा हातभर तुकडा मध्ये घालून मीच तारेने आवळला होता.

मल्लप्पाने नवी नळी घातली, फिल्टर परत बसवला आणि जाताना मी विचारल्यामुळे खरं सांगितलं. म्हणाला, हा फिल्टर पाण्यातल्या ब्लीचिंग पावडरचा वास काढतो, चव सुधारतो. बोअरचं खारं पाणी त्याने गोड होणार न्हाय. वेळेवर बदलणार असाल तर ठेवा, न्हायतर टोपणच बरं. एवढं सरळ उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. मी तीन पेले प्यालो. वास नव्हता. (चौथ्यात किंचित आला, पण प्रभा बघत होती म्हणून गप्प बसलो.)

रात्री जेवताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली. गेल्या गणपतीत मी जार खांद्यावर घेऊन चढत होतो, तेव्हा पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून बसलो होतो. कुणी पाहिलं नाही असं मला वाटलं होतं. अद्वैतराव खाली गाडी लावत होते. त्यांनी पाहिलं, मला लाज वाटेल म्हणून जिन्यावर पाऊल न टाकता तसेच परत फिरले आणि पुण्याला जाऊन फ्रिजची चौकशी केली. मला पुढे जेवता आलं नाही. भात नुसता कालवत बसलो.

तर असं आहे. भाऊजींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
यज्ञेश्वर

ता. क. : श्रावणी तुझं ऐकते. तू तिला फोन करून आपण होऊनच म्हण की तुझे बाबा चुकले, आणि हे त्यांना कळलं आहे. मी सांगायला लावलं असं कळू देऊ नकोस. अद्वैतरावांना काय म्हणायचं ते मला सुचत नाही, ते तूच ठरव.

ता. क. २ : वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून चार ओळी. फोन करू नका. पाइपाचा फोटो मी त्याच दुपारी श्रावणीला पाठवला. दोघंही इतके हसले की जावईबापूंना ठसका लागला. रविवारी ओवीला घेऊन येताहेत. यांना सांगितलेलं नाही. मी शेंगापोळ्यांचं सारण केलंय, ते कुणासाठी म्हणून सकाळपासून चारदा विचारून झालंय आणि आता मथुराबाईंवर संशय आहे. राहू दे. तेवढेच दोन दिवस फ्रिजकडे बघणार नाहीत. - प्रभा