चार्लीच्या बीफ नूडल्स

मंगळवार, ८ ऑक्टोबर १९८५. पार्सिपनी, अमेरिका.
आजपासून रोजनिशी. प्रमोशनपर्यंतचा प्रवास कुठेतरी नोंदलेला असावा.
ऑफिसच्या पॉटलकला (प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून आणायचा) मी नेलेल्या स्पायसी बीफ नूडल्स दहा मिनिटांत फस्त. बॉस फ्रँकने विचारलं, चार्ली, घरी केल्यास? (चारुदत्त त्याच्या जिभेला झेपत नाही.) मी हो म्हणालो. अगदीच खोटं नाही. चायनीज रेस्टॉरंटमधून आणल्या, पण बायकोच्या, म्हणजे नंदाच्या, स्टीलच्या डब्यात भरल्या घरीच.

गुरुवार, १०.
फ्रँक १९ तारखेला, शनिवारी घरी येणार. नूडल्स मी करताना त्याला बघायच्यात. शिवाय म्हणाला, जरा बोलायचंय. बॉस घरी येऊन काय बोलतो? प्रोजेक्ट लीडर! दुसरं असूच शकत नाही.
नंदाला सांगितलं. म्हणाली, माझ्या स्वयंपाकघरात बीफ येणार नाही. मी म्हणालो, आठ वर्षं अमेरिकेत राहून हे विचार? तिने विचारलं, तुम्ही स्वतः कधी खाल्लंय का? मी विषय बदलला.

शनिवार, १२.
पेपरातली रेसिपी कापून ठेवली. पंधरा मिनिटांचं काम. त्यात लिहिलंय, स्लाइस अगेन्स्ट द ग्रेन. ग्रेन म्हणजे धान्य. मांसात धान्य कुठून येणार? छापणाऱ्याची चूक. त्या ओळीवर काट मारली.
सुपरमार्केटातून बीफ आणून गॅरेजातल्या फ्रीजरमध्ये ठेवलं. पॅकेट दोन बोटांत धरून गाडीपर्यंत नेलं. गार होतं म्हणून.

मंगळवार, १५.
घरात घट बसलेत. शनिवार नवरात्रात येतो हे नंदाने आधी सांगायला हवं होतं. तिचं म्हणणं, सांगायचं काय त्यात, नवरात्र दरवर्षी येतं.
शेवटी तह झाला. स्वयंपाक गॅरेजमध्ये, हॉट प्लेटवर. भांडी माझ्या बॅचलर काळातली. नंतर डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय घटाकडे फिरकायचं नाही. सगळ्या अटी मान्य. लीडरला तडजोड जमली पाहिजे.
ऑफिसात फ्रँक म्हणाला, तुझा प्रोग्रॅम टीममधल्या शैलेंद्रला नीट समजावून दे. ओघानेच आलं. मी वर गेलो की माझ्या जागी कुणीतरी लागणारच.

गुरुवार, १७.
रंगीत तालीम. शैलेंद्र नागपूरचा, मांसाहारातला जाणकार. त्याच्या मते मटणाला पाच शिट्ट्या. मग बीफलाही पाच. रेसिपीत कुकरचा उल्लेखच नाही, अर्धवट लोक. नूडल्स शेवयांसारख्या तुपात परतून शिजवल्या. त्यांचा गोळा झाला, पण गोळा तिखट आहे. तिखट असणार, असा अंदाज. चव बघितली नाही, सर्दी आहे.
फ्रँक हल्ली नजरेला नजर देत नाही. आनंदाची बातमी पोटात ठेवणं सोपं नसतं.

शुक्रवार, १८.
फोन करून कॅन्सल करावं असं दोनदा वाटलं. पण केलं तर चार्ली खोटा ठरतो. नाही केलं तर घरात देवी बसलेली असताना मी गॅरेजात बीफ चिरणार. इकडे आड, तिकडे विहीर. भीती वाटते. नोंदवून ठेवतो, भीती फक्त बीफची आहे.

शनिवार, १९. संध्याकाळ.
फ्रँक गॅरेजात घडीच्या खुर्चीवर बसला. पहिल्या शिट्टीला उठून बाहेर, घरासमोरच्या ड्राइव्हवेवर गेला. पाचवी झाल्यावर परत आला. मी म्हणालो, ही आमची पद्धत. ग्रेन म्हणजे मांसाचे तंतू, ते आडवे कापायचे असतात, हे त्यानेच समजावलं. तोवर सगळं उभं चिरून, शिजून झालं होतं.
प्लेटा भरल्या. तो म्हणाला, आधी तू.
आमच्या घरात कधी अंडंसुद्धा फुटलेलं नाही. आई आठवली. डोळे मिटून घास घेतला. चावला, चावला, चोथा काही संपेना. शेवटी गिळला. डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने.
मग फ्रँक बोलला. चार्ली, तुझी पोस्ट रद्द झाली. सोमवारपासून यायचं नाही. ऑफिसात सगळ्यांसमोर सांगवेना, म्हणून घरी आलो.
त्याचेही डोळे ओले होते. त्याने तर अजून घासही घेतला नव्हता.

सोमवार, २१. सकाळ.
नंदाला काही सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.
नेहमीसारखी दाढी केली, टाय बांधला, ड्राइव्हवेवर गाडीत येऊन बसलो. किल्ली फिरवली नाही. शेजाऱ्याने जाताजाता हात हलवला, मीही हलवला.
पाऊण तासाने नंदा बाहेर आली. म्हणाली, शनिवारी गॅरेजचं दार उघडंच होतं, मी ऐकलंय सगळं.
मी म्हणालो, ट्रॅफिक जरा कमी झाला की निघतो.
ती पलीकडचं दार उघडून शेजारी येऊन बसली.