पॉलकाकांचा चंद्र

पुणे,
मे महिन्यातला तिसरा रविवार, चर्चहून आल्यावर

आदरणीय फिलोमिनाकाकूंना,
पुतण्या कृपादानचा सादर सलाम. जास्मिनचाही, आणि मुलांचाही (नोहाचा सलाम पत्रावर उमटला आहे, तो आंब्याचा आहे).

गुडघे कसे आहेत? मिरजगावला ऊन फार वाढलंय असं ऐकतो. दुपारी बाहेर पडत जाऊ नका आणि डॉक्टरांनी दिलेलं तेल कपाटात न ठेवता गुडघ्यांना लावत जा. आम्ही सगळे प्रभूकृपेने ठीक आहोत. म्हणजे बाकीचे ठीक आहेत, माझं तितकं ठीक नाही, ते पुढे येईलच.

पाकिटात एक फोटो आहे. तो पत्र वाचून झाल्यावर बघा. (बघितलाच असणार. नाताळच्या केकचा डबासुद्धा तुमच्याकडे संध्याकाळपर्यंत बंद राहत नाही.) त्यात काकांच्या नावावर जे गुलाबी दिसतंय तो गुलाल नाही आणि फोटोवरचा डागही नाही. त्याचा खुलासा फोनवरच करणार होतो, पण एक तर तुम्हाला ऐकू कमी येतं, आणि दुसरं म्हणजे बोलायला माझी जीभ रेटत नाही.

ईस्टरला मी मिरजगावला आलो होतो तेव्हा तुम्ही एकच काम सांगितलं होतं. आपल्या गावी लोकांनी जवानांचं स्मारक बांधलंय, त्यावर यांचं नाव आहे, माझ्याने एवढा प्रवास होत नाही, तू मुलांना घेऊन जा, हार घाल आणि नाव मोठ्याने वाच. एकाहत्तरच्या लढाईनंतर ते नाव कुणी मोठ्याने घेतलेलं मी ऐकलं नाही, असंही म्हणालात. तुम्ही स्वतः तर कधीच घेत नाही. आठ महिन्यांच्या संसारात 'अहो' होतं, त्यानंतर आजवर 'हे' आहे. मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो. मग सुट्टीत भंडारदऱ्याला जायचं ठरलं, आपल्या गावाचा फाटा वाटेवरच, म्हणून म्हटलं जाता जाता तेही उरकू. काकू, 'उरकू' हा शब्द मी वापरला. पुढचं सगळं त्याचंच फळ असावं.

स्मारक छान आहे. काळा दगड, झेंड्याचा खांब, बाजूला बाकडी. वाटेत मी मुलांना शौर्य, बलिदान वगैरे समजावून सांगितलं होतं. ते ऐकताना नोहा झोपला आणि पोचल्यावर ताजातवाना होऊन उठला. आधी त्याने काकांसाठी आणलेला झेंडूचा हार स्वतःच्या गळ्यात घातला आणि तो काढू देईना. मग मी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं. तर ही दोन मिनिटं कधी संपतात ते कळावं म्हणून तो मोठ्याने आकडे मोजू लागला. त्याला एकोणतीसपर्यंतच येतात, त्यामुळे तो पुन्हा एकपासून निघायचा, आणि आमची शांतता काही संपेना. शेवटी मीच ती संपवली आणि आराधनाला म्हटलं, बेटा, तू आता दुसरी पास झालीस, आजोबांचं नाव तू वाच. तिने खणखणीत आवाजात वाचलं, "शिपाई पाल दाविद साळवे."

'पाल' ऐकताच जास्मिन बाकड्यावर चढली. (तिला पालीची किती भीती वाटते ते तुम्हाला ठाऊक आहे.) नोहा हारासकट दगडामागे पाल शोधायला गेला. मी आराधनाला म्हटलं, नीट वाच, तर ती म्हणाली, नीटच वाचलं, लिहिलंच तसं आहे. आणि खरंच तसं होतं, काकू. कारागिराकडून 'पॉल'वरचा चंद्र राहून गेला होता. जो माणूस बाविसाव्या वर्षी गेला, ज्याच्यामागे तुम्ही अख्खा जन्म काढलात, त्याचं नाव दगडावर पाल म्हणून कोरलेलं. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून मी काय केलं, तर जास्मिनला बाकड्यावरून उतरवलं आणि फोटोसाठी मोबाईल पुसत बसलो.

तेवढ्यात आराधनाने आईच्या पर्समधली गुलाबी नेलपेंटची बाटली काढली. शाळेत त्यांना चुकीचा शब्द नुसता दाखवायचा नाही, तो दुरुस्त करायचा असं शिकवलंय. चवड्यांवर उभं राहून तिने काकांच्या नावावर चंद्र दिला. रेघ जराही हलली नाही. मी पाहिलं तेव्हा ती त्याच्यावर फुंकर घालत होती, वाळावा म्हणून.

नेमके तेव्हाच सहादेवमामा आले. स्मारकाची झाडलोट करणारे म्हातारे गृहस्थ, हातात खराटा (नाव तिथल्या पोरांच्या हाकेवरून कळलं). पलीकडे दोन पोरं मोबाईल घेऊन उभी होती. माझ्या डोळ्यांपुढे सगळं आलं: हुतात्म्याच्या दगडाला नेलपेंट, व्हिडिओ, पोलीस, माझी नोकरी. मी आराधनाला सगळ्यांदेखत खसकन ओढलं आणि ओरडलो. मग सहादेवमामांनी विचारलं, "तुमी कोन ह्या शिपायांचे?"

काकू, मी म्हणालो, "कोणी नाही हो. पर्यटक आहोत, भंडारदऱ्याला चाललोय." (आसपास कोंबडा नव्हता म्हणून, नाहीतर प्रभूला नाकारणाऱ्या त्या शिष्यावर आरवला तसा माझ्यावरही आरवला असता. तुम्ही पाळकांची मुलगी, तुम्हाला जास्त सांगायला नको.)

त्यांनी चष्मा पुसला, नाव वाचलं आणि म्हणाले, "आसू द्या. बराबर केलंय पोरीनं. पॉल्या आन् मी एका बाकावर बसायचो. चंद्र ऱ्हायलाय म्हून मी लई डाव सांगितलं, पन घरच्यांचा अर्ज लागतो म्हंत्यात. आन् त्याच्या घरचं तर कुनी येतच न्हाई." त्यांनी दगड झाडला, पण चंद्र पुसला नाही. जास्मिनने फोटो काढला तो तेव्हाचा.

मी सगळ्यांना गाडीत बसवून निघालो. फाट्यावर आलो तेव्हा आराधनाने मागून विचारलं, "बाबा, पॉल आजोबा आपले कोणीच नाहीत?"

मी तिथूनच गाडी वळवली. परत जाऊन सहादेवमामांचे पाय धरले, खरं काय ते सांगितलं. त्यांनी मला उराशी धरलं, डोळे पुसले आणि गुळाचा चहा पाजला. नोहाने आपल्या हाताने काकांना हार घातला. मग हलक्या मनाने आम्ही पुढे गेलो. तेव्हा तुम्ही काळजी करू नये.

तुमचा,
कृपादान

ता. क. सोबत दुरुस्तीचा अर्ज लिहून ठेवला आहे. खाली सही करा. 'योग्य नाव' यापुढची जागा मी मोकळी सोडली आहे, तिथे तुमच्याच हाताने लिहा. चंद्र विसरू नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधी पत्र आराधनाने वाचून काढलं. (हल्ली ती हाती लागेल ते वाचते.) मी 'डॉक्टरांनी' मधला चंद्र विसरलो होतो, तो तिने दिला. मग म्हणाली, "बाबा, पण आपण परत कधी गेलो?"

गेलो नाही, काकू. फाट्यावरून सरळ भंडारदऱ्याला गेलो, धरणावर भाजलेली कणसं खाल्ली. गुळाचा चहा मी इथे टेबलाशी बसून रचला. हार नोहाच्या गळ्यातच सुकला. जावंसं रोज वाटतं, पण सहादेवमामांसमोर एकट्याने उभं राहायचं बळ माझ्यात नाही. येत्या शनिवारी पहाटे गाडी घेऊन मिरजगावला येतो. मागची अख्खी सीट तुमची, गुडघ्यांखाली दोन उशा ठेवीन, लागेल तिथे थांबू. तुम्ही फक्त माझ्याबरोबर चला आणि हा कोणाचा कोण ते सहादेवमामांना सांगा. मी सांगितलं तर आता त्यांना पटायचं नाही. पण 'यांचा पुतण्या' म्हणून भागणार नाही, काकू. नाव घ्यावं लागेल.