दुहेरी अस्तराचे हातमोजे

ओर्ता तलावाजवळ
१० नोव्हेंबर १९७१

प्रिय नुन्झिएलाताई,

तुझं पत्र मिळालं आणि आईनं पाठवलेली सुकी अंजिरंही. अंजिरं वाटेत जरा दबली, पण चव तीच आहे. आईचा गुडघा कसा आहे? तोरेमामांना नमस्कार सांग. त्यांची मोठी कात्री मी आणलेली नाही, अशीही त्यांना खात्री दे. कातड्यांच्या गठ्ठ्याखाली बघा म्हणावं.

मी ठीक आहे. इथं थंडी फार आहे. सकाळी तलाव आहे की नाही तेही कळत नाही, इतकं धुकं असतं. जेवायला रोज मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. आपल्या गल्लीत हा कोंबड्यांनासुद्धा कुणी घालणार नाही. कॉफीबद्दल न लिहिलेलंच बरं.

हातमोज्यांचं पार्सल पोचवायला गेलेला मुलगा तिथंच का राहिला, असं मामा विचारत असतील. विशेष काही नाही. मऊ काळं कातडं चित्रीकरणाच्या दिव्यांच्या उष्णतेनं सुकतं, रंग लागला की ताठरतं. ते रोज पुसायला, तेल लावायला, लाकडी साच्यावर चढवायला या सिनेमावाल्यांना माणूस हवा होता. मामांना एवढंच सांग.

सिनेमा कसला आहे ते तू विचारलंस. पिवळ्या कव्हरांच्या खूनकथा तू शिवणयंत्राच्या खणात लपवून वाचायचीस ना, तसलाच खुनाचा सिनेमा, जाल्लो. त्यात एक जुनी हवेली आहे, हवेलीच्या चॅपेलखाली घराण्याची थडगी आहेत, आणि मेलेली काउंटेस परत आली आहे असं सगळ्यांना वाटतं. एकेक मुलगी मरते. खुनी दिसत नाही, दिसतात फक्त काळे मोजे घातलेले त्याचे हात. खुनी कोण, हे आमचे दिग्दर्शक माएस्त्रो बेलार्दी नटांनाही सांगत नाहीत. म्हणून ते हात कुठल्याच नटाचे नसतात. दुसऱ्याच कुणाचे तरी असतात. असल्या सिनेमांत अशीच पद्धत आहे म्हणे. भर दुपारी खिडक्यांना काळं कापड ठोकून रात्र करतात, आणि पंखा लावून वारा.

दिव्यांवर काम करणारी रोमची पोरं मला बघितलं की ओरडतात, "काय रे खुन्या, जेवलास का? आज कुणाची पाळी?" ती त्यांची थट्टा आहे.

आता कामाचं. एक नवी जोडी लवकर शिवून पाठव. माप माझ्या हाताचं घे. ज्याला घालायचे आहेत त्याचा हात माझ्याएवढाच आहे. आत लोकरीचं दुहेरी अस्तर घाल, आणि मोजे कोपरापर्यंत लांब कर. मनगटावरही अस्तर दुहेरीच हवं. त्या माणसाचे हात जरा कापतात आणि कॅमेरा जवळ आला की ते दिसतं. माएस्त्रो परवा सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "खुनी तू आहेस की ती? तिच्यापेक्षा तूच जास्त थरथरतोयस!" सगळे हसले. त्या माणसाला फार वाईट वाटलं.

आईला सांग, मी लोकरीचा गंजिफ्रॉक घालतो.

तुझा भाऊ
एर्मीनियो


ओर्ता
१९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

मोजे पोचले. तुझी शिलाई बघून इथल्या कपडेपटाच्या एल्विराबाई म्हणाल्या, "ही बाई माझ्या हाताखाली द्या, मी तिची पालखी काढीन." एल्विराबाई सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत.

आता आणखी जोड्या शिवू नकोस. कातडं कापून झालं असेल तर मामांना सांगून दुसऱ्या कुणाला विकून टाक. आणि हा सिनेमा आपल्याकडे लागला तर तू जाऊ नकोस, आईला तर मुळीच नेऊ नकोस. तलाव आज स्वच्छ दिसतो आहे. पलीकडच्या डोंगरावर बर्फ पडलं.

ताई, हे पत्र मी दोनदा फाडलं. माझी शाळा लवकर सुटली, तरी माझ्या पत्रात खाडाखोड नसते हे तुला ठाऊक आहे. आज असेल तर असू दे.

ते हात माझेच आहेत. तुला माप लिहिलं तेव्हाच तू ओळखलं असशील.

इंगेर नावाची नॉर्वेची नटी आहे. उंच, जरा मोठ्यानं हसणारी, आपली भाषा मोडकीतोडकी बोलते. चॅपेलमधल्या दगडी थडग्यावर तिला आडवं पाडून काउंटेसचं भूत तिचा गळा आवळतं, असा प्रसंग होता. आधी आम्ही दोघांनी नीट ठरवलं होतं. तिनंच शिकवलं. "मी माझ्या भाषेत आकडे म्हणत राहणार. जास्त झालं, तर तुझ्या मनगटावर बोटं आपटणार. मग सोड. समजलं, खुनी साहेब?" ती असंच म्हणते, साहेब. मी म्हटलं, समजलं.

आकडे कशाला, असं तुला वाटेल. इथं बोलणं टिपून घेतच नाहीत. नट आपापल्या भाषेत काहीही बडबडतात, कुणी आकडे म्हणतं, कुणी शिव्या देतं. नंतर रोममध्ये दुसरीच माणसं खोलीत बसून सगळ्यांना आवाज देतात. त्यामुळे चित्रीकरण चालू असताना शांतता कधीच नसते. शेजारच्या दालनात सुतार खिळे ठोकत असतात, आणि माएस्त्रो सगळा वेळ कर्ण्यातून ओरडत असतात.

त्या दिवशीही ओरडत होते. "दाब! खांदे आणू नकोस मध्ये! इंगेर, डोळे! डोळे मोठे! मी थांब म्हणेपर्यंत कुणी थांबायचं नाही!" मोज्यांवर साखरेच्या पाकात कालवलेला लाल रंग ओतला होता. ते घसरत होते, म्हणून मी पकड घट्ट केली. माझे हात कापत होते, पण बाहेरून काहीच दिसत नव्हतं. मला बरं वाटलं. खरं सांगतो ताई, मला त्या क्षणी अभिमान वाटला.

तिचे आकडे थांबले. ओठ हलत होते. मला वाटलं, ती अभिनय करते आहे. सगळ्यांनाच तसं वाटलं. दिव्याजवळचा एक जण म्हणालासुद्धा, "काय काम करते पोरगी!"

ती माझ्या मनगटावर बोटं आपटत होती. जोरात आपटत होती. पुढं तर ओरबाडत होती. दुहेरी लोकर आणि वर कातडं. मला काहीही कळलं नाही.

एल्विराबाईंनी तिच्या टाचा दगडावर तडफडताना बघितल्या. त्या टाचणीची उशी टाकून कॅमेऱ्यापुढं धावल्या आणि माझा दंड धरून त्यांनी मला मागं खेचलं. "मेल्या, ती मरतेय!" माएस्त्रो त्यांच्यावरच भडकले. "ही म्हातारी चित्रात कुणी सोडली? एवढा चांगला शॉट घालवला!" इंगेर कुशीवर वळली आणि श्वास घेऊ लागली. तो आवाज मला इथं लिहिता येत नाही.

डॉक्टर आले. हाड मोडलेलं नाही, पण आत सूज आहे. आवाज अजिबात निघत नाही. परत येईल का, असं विचारलं तर म्हणाले, सूज उतरल्यावर कळेल, कदाचित येईल. निर्मात्यांचा माणूस दारातच उभा होता. तो म्हणाला, "आवाजाचं काय एवढं? तो रोममध्ये लावायचाच आहे." त्यात दुष्टपणा नव्हता ताई. त्याला खरंच हायसं वाटलं होतं.

तुझ्या शिलाईचा यात काही दोष नाही. तुला अस्तर दुहेरी घालायला मी सांगितलं, आणि कुणासाठी ते मी खोटं लिहिलं. हे तू दोनदा वाच.

तो प्रसंग पुन्हा घ्यायचा आहे. एल्विराबाई मध्ये आल्या म्हणून आधीचा वाया गेला. मी माएस्त्रोंना म्हटलं, माझ्याकडून होणार नाही. त्यांनी खांदे उडवले. "गास्पारे करेल. बोटं त्याचीही लांब आहेत." गास्पारे त्यांची मोटार चालवतो. त्यानं माझे मोजे चढवून बघितले, मुठी वळल्या आणि हसत म्हणाला, "मी याच्यासारखे नखरे करत नाही, एका दमात उरकतो." मोजे त्याला बरोबर बसले.

मी पेटी भरली. स्टेशनवर जायची गाडी सापडेना म्हणून अंगणात उभा होतो, तर इंगेर आली. गळ्याभोवती लोकरी मफलर. तिनं माझ्या पेटीकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. मग माझा उघडा हात धरून तिनं मफलरच्या वर ठेवला, आणि माझ्या छातीवर बोट रोवलं. मी हात काढून घेतला.

एल्विराबाई मागून म्हणाल्या, "कळत नाही का रे तुला? गास्पारे नको म्हणते. तू हवास."

"मी? मी तर तिला जवळजवळ—"

"म्हणूनच. घाबरलेला तू एकटाच आहेस इथं."

तिचं हे पहिलं मोठं काम आहे. सोडलं तर परत कुणी बोलावणार नाही, म्हणून ती तो प्रसंग करणारच. प्रश्न एवढाच आहे की हात कुणाचे असतील. मी आलो घरी, तर गास्पारेचे. राहिलो, तर माझे. आणि माझ्या हातांवर माझा आता विश्वास उरलेला नाही. चित्रीकरण मंगळवारी आहे. तुझं उत्तर त्याआधी पोचणार नाही, हे माहीत असूनही तुला विचारतो आहे. ताई, मी काय करू?

आईला यातलं काही सांगू नकोस.

ए.


ओर्ता
मंगळवार, संध्याकाळ

ताई,

आधी हे लिहितो: ती जिवंत आहे, मी तुरुंगात नाही. आता श्वास घे आणि सावकाश वाच.

मी राहिलो. सकाळी एल्विराबाईंकडून बारीक कात्री घेतली, तुझी शिवण उसवली आणि आतलं सगळं अस्तर काढून टाकलं. मग लांब बाह्याही मनगटाच्या खाली कापल्या. तुझ्या इतक्या सरळ टाक्यांना कात्री लावताना मला लाज वाटली. माएस्त्रो म्हणाले, "मनगट उघडं दिसेल." मी म्हटलं, "मग काळा रंग लावा." आजवर मी त्यांना असं बोललो नव्हतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि रंगारी बोलावला.

चॅपेलमध्ये मेणबत्त्या पेटवल्या, पंखा सुरू झाला. इंगेर थडग्यावर आडवी झाली. गळ्यावरचे डाग पावडरीनं झाकले होते, पण मला ते कुठं आहेत ते ठाऊक होतं. मी हात ठेवले. माएस्त्रोंचं ओरडणं सुरू झालं.

तिनं लगेच बोटं आपटली.

मी अजून दाबलंही नव्हतं. तरी सोडलं. माएस्त्रोंनी कर्णा आपटला. "काय झालं आता?" काही नाही, म्हटलं. पुन्हा हात ठेवले. पुन्हा तिनं बोटं आपटली, पहिल्यापेक्षा हलकी, पाखरू बसावं तशी. मी सोडलं. दिव्यांवरची पोरं शिट्ट्या मारू लागली. "खुन्या, लग्न कर रे तिच्याशी, मारणं तुला जमणार नाही!" गास्पारे भिंतीला टेकून उभा होता. तो पुढं आला, "द्या इकडे मोजे." मी दिले नाहीत. तिसऱ्यांदा तर बोट माझ्या कातडीला लागलं न लागलं, नुसती तिची ऊब आली. मी सोडलं.

तेव्हा ती हसली. आवाज न करता, छाती हलवून. तेव्हा मला उमगलं, ती प्रसंग बिघडवत नव्हती. ती मला तपासत होती.

चौथ्यांदा मी हात ठेवले आणि तिनं दोन्ही हात खाली सोडून दिले. एकदाही माझ्या मनगटापर्यंत आणले नाहीत. तिचे ओठ हलत होते, आकडे म्हणत होती, त्यात आवाज नव्हता. माझे हात थरथरत होते, सगळ्यांना दिसेल असे. माएस्त्रो ओरडायचे थांबले. थांब म्हणायलाही ते विसरले होते. मीच आपणहून हात उचलले.

"हेच," ते म्हणाले. "खुन्यालाच भीती वाटतेय. हे मला सुचायला हवं होतं." त्यांनी माझे दोन्ही गाल चुंबले आणि पुढच्या सिनेमाला येणार का विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी ऐकलं नसावं.

नंतर आम्ही पायरीवर बसलो. एल्विराबाईंनी कोमट दूध आणून दिलं. इंगेरनं फाटका मोजा उलटा केला, तुझ्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि भुवया उंचावल्या. कुणी शिवले? मी म्हटलं, माझ्या बहिणीनं. तिनं नुसते ओठ हलवून विचारलं. नाव? मी सांगितलं. तिनं दुधाचा घोट घेतला, डोळे मिटले, आणि प्रयत्न केला. आधी नुसती हवा आली. मग घसा खरवडून, ओलं कातडं दगडावर घासल्यासारखा एक आवाज निघाला.

"नुन्झि... एला."

एल्विराबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

सिनेमात त्या जागी रोमच्या कुठल्यातरी बाईची किंकाळी ऐकू येईल. ती ऐकून घाबरू नकोस. तिचा खरा आवाज परत आला तेव्हा त्यात तुझं नाव होतं, हे फक्त आम्हा तिघांना माहीत आहे, आणि आता तुला.

आईला जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं सांग. मी उद्याच्या गाडीनं निघतो.

ज्याला तिनं माफ केलं, तो तुझा भाऊ
एर्मीनियो