उजवीकडची कोरी भिंत

कैरो, २० सप्टेंबर १९७८

ती. दहिबाताईस,
धाकट्या शाझलीचा सलाम. वि. वि. यंदा हजला निघालो! २८ ऑक्टोबरला सुएझहून जहाज. ज्या इमारतीच्या फाटकावर तीस वर्षं दारवान म्हणून बसलो, तिथल्या बायका आत्तापासूनच मला हाजी म्हणू लागल्यात.

निघण्याआधी ज्याला ज्याला दुखवलं त्याची माफी मागायची, नाहीतर हज पदरात पडत नाही, हे तू जाणतेसच. बाकी सगळ्यांची मागून झाली. एकोणीस वर्षांपूर्वीचं ते फाटकावरचं मनात धरू नकोस. नोकरीचा प्रश्न होता गं. माफ केलं, एवढं उलटटपाली कळव. छोट्या नब्राला गोड पापा.

तुझ्या मायेचा भुकेला,
शाझली

गर्ब सुहेल, २९ सप्टेंबर

चि. शाझलीस,
अ. आ. नब्रा चोवीस वर्षांची घोडी झाली, पापे कसले पाठवतोस? पाच वर्षांची होती, तापानं फणफणलेली, तेव्हा तिला घेऊन तुझ्या फाटकाशी आले होते. नवरा जाऊन जेमतेम चाळीस दिवस झाले होते. मालकीणबाईंनी विचारलं ही कोण, तर तू म्हणालास, मी ओळखत नाही. सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत आम्ही मायलेकी समोरच्या फुटपाथवर बसून होतो. जगाला दारं उघडणारा माझा भाऊ!

माफी टपालानं मिळत नसते, बाबा. १२ तारखेला, गुरुवारी सकाळी ये. तुझ्यासाठी दार सजवतेय. भिंतींना चुना दिला, निळी पट्टी ओढली, कमानीभोवती आईच्या बशा भिंतीत बसवल्या. एक तडकलेली होती, तीही बसवली. ओट्यावर नवी चटई, रांजणात गार पाणी, उंबऱ्यात ऊद जाळणार. येणाऱ्याच्या पावलांनी बरकत आत यावी म्हणून. फक्त दाराच्या उजवीकडची भिंत कोरी ठेवलीय. हाजी परतला की रिवाजाप्रमाणे त्याचं जहाज घराच्या भिंतीवर, तिथेच रंगवायचं ना? गावात तुला दुसरं घर आहे कुठे?

वाट पाहणारी,
जिला तू ओळखत नाहीस ती तुझी बहीण

कैरो, १५ ऑक्टोबर

ताई,
सलाम. काय हा तुझा पाहुणचार! दार पाहून डोळे भरून आले होते माझे. रांजणातलं पाणी प्यालो, उदाचा वास घेतला. म्हटलं, ताईनं मन मोठं केलं. अर्धा गाव जमला होता. आणि नब्रा बाहेर आली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, हा कोण, आम्ही ओळखत नाही. धाडकन दार लावलं!

तिसऱ्या प्रहराच्या नमाजापर्यंत ओट्यावर बसलो. येणारा जाणारा विचारी, हाजी, आत का नाही जात? शेवटी लाजेनं उठलो. पोरीला हे तूच पढवलंस. इतका डूख धरतात का गं? माझ्या हजचं काय आता?

तुझा उपाशी परतलेला भाऊ,
शाझली

गर्ब सुहेल, १९ ऑक्टोबर

चि. शाझलीस,
अ. आ. हो, मीच पढवलं. एकोणीस वर्षं पढवत होते. तू ओट्यावर घाम पुसत होतास ना, तेव्हा मी दाराआड उभी होते. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं.

पण तू कच्चा निघालास रे. आम्ही सूर्य मावळेपर्यंत बसलो होतो, हे मी लिहून कळवलं होतं. नीट वाचलं असतंस तर कळलं असतं. चुलीवर तुझ्या आवडीची भेंडीची भाजी होती, भाकऱ्या कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या. दार लावल्यावर आतली कडी मी लगेच काढून ठेवली होती. मावळतीला उघडणारच होते. दोन-अडीच तास आधी उठलास.

जहाजाला अजून अवकाश आहे आणि गाडीला एक दिवस लागतो. रांजण रोज भरते. नब्रा रंगाऱ्याला निरोप धाडू का म्हणून विचारत होती. तिला म्हटलं, थांब. ये, पण या खेपेला सकाळपासून बसायच्या तयारीनं ये. नाही आलास तर ती भिंत कोरीच राहील, आणि का कोरी आहे ते मी प्रत्येक पाहुण्याला सांगेन.

तुला चांगलीच ओळखणारी,
दहिबा