बंधाऱ्याच्या वरचे शिंपले

४ मार्च

ती. बाबांना,

सा. न. वि. वि.

आईने बजावलं होतं, की हे पत्र लिहू नकोस. तरी लिहितेय, कारण फोनवर सांगायची हिंमत होईना.

चार महिने मी आणि माझी विद्यार्थिनी ओढ्यात गुडघाभर पाण्यात आहोत. दोनशे बारा शिंपले मोजले, वय काढलं आणि होते तिथे परत ठेवले. झाडाच्या बुंध्यात असते तशी त्यांच्या पाठीवर वर्षाला एक कडी उमटते. एक आजीबाई एकोणऐंशी वर्षांच्या निघाल्या. त्यांना हातात घेतल्यावर आम्ही दोघी आपोआप हळू बोलायला लागलो.

बंधाऱ्याच्या खाली सगळ्या वयाचे शिंपले आहेत. वर मात्र अठ्ठावीस वर्षांहून लहान एकही नाही. तीनदा तपासलं. त्यांची पिल्लं काही आठवडे माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात आणि मग सुटून तळाशी जातात. तो मासा खालून यायचा. आता त्याला बंधारा चढता येत नाही.

बंधारा तुम्ही बांधलात, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. त्यातून निघणारा कालवाही दहा वर्षं कोरडा आहे. विद्यापीठाच्या अहवालात बंधारा काढावा असं मला लिहावं लागणार. ते तुम्हाला परक्याकडून कळू नये, म्हणून हा खटाटोप. रागवा, पण अबोला धरू नका.

तुमची,
बेडकी


१९ मार्च

चि. बेडकीस,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद नेहमीचे आहेत, बाकी पत्र नेहमीचं नाही.

त्या बंधाऱ्यासाठी मी अकरा महिने गार पाण्यात उभा होतो. पहिल्यांदा पाणी अडवलं त्याच आठवड्यात तू जन्मलीस आणि मी तुला नऊ दिवसांनी पाहिलं. तेव्हा शिंपल्यांचं कुणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही. पूर, खतं, गाळ यांपैकी दुसरं काही कारण नसेल कशावरून? मोजमापाचे कागद पाठव. चूक सापडली तर मी सोडणार नाही, हे तू लहानपणापासून जाणतेस.

प्रकृतीला जप. पाण्यात फार वेळ राहू नकोस.

तुझे,
बाबा

ता. क. (आईच्या हातचं) : दोन दिवस तुझं पत्र खिशात घालून हिंडत होते. कालपासून जुने नकाशे काढून बसलेत. तू घाबरू नकोस.


२६ एप्रिल

सौ. सरकार यांस,

सुखरूप पोचलो. लेकीच्या कागदांत चूक सापडली नाही, म्हणून ओढ्यात शोधायला आलो, हे तू ओळखलंच असशील.

सकाळी तिने मला काठावरच्या खडकावर पालथं झोपवलं आणि काचेच्या तळाची बादली पाण्यावर धरायला दिली. आधी नुसती वाळू दिसली. मग एक लहानसा मासा दिसला, डोळा, शेपूट, अंगावरचा काळा पट्टा, सगळं जिथल्या तिथे. तो जागच्या जागी थरथरत होता. मी म्हटलं, मासा तर आहे की वर. ती म्हणाली, बाबा, नीट बघा.

तो मासा नव्हताच. शिंपल्याच्या मादीने आपल्या मांसाची कड बाहेर काढून केलेलं ते सोंग होतं. खरा मासा भक्ष्य समजून झडप घालतो आणि त्या क्षणी ती आपली पिल्लं त्याच्या तोंडात सोडते. तिला स्वतःला डोळे नाहीत, गं. मासा कसा दिसतो हे तिने कधी पाहिलेलं नाही.

माझ्या श्वासाची वाफ काचेवर धरत होती, तरी मान वर करवेना. अठ्ठावीस वर्षं दर हंगामात ती अशी बोलावते आहे आणि येणारा माझ्या भिंतीपलीकडे अडकलाय. मी उठलो तेव्हा शर्ट चिंब होता. लेकीने टॉवेल दिला आणि तोंड फिरवून उभी राहिली.

आणखी चार दिवस थांबतो. भिंत एकदम फोडली तर साठलेला गाळ खालच्या शिंपल्यांना गाडून टाकेल. कुठून आणि किती किती काढायची, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. तिचा अहवाल ज्या समितीपुढे जाईल, तिथे मीच बोलेन म्हणतो.

गोळ्या वेळेवर घेतोय. तुझा राग आहे तसा असू दे, त्याशिवाय करमत नाही.

तुझाच


११ मे (तीन वर्षांनी)

ती. बाबांना,

सा. न. वि. वि.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, हे आईकडून कळलं. आता पडल्या पडल्या ऐका.

तुमच्या आराखड्याप्रमाणे भिंतीचा शेवटचा थर निघाला त्याला आज दोन वर्षं झाली. आज बंधारा होता त्याच्या वरच्या वळणावर वाळू चाळत होतो. चाळणीत खडे, काड्या, आणि त्यांत माझ्या करंगळीच्या नखाएवढं काहीतरी. शिंपला होता. इतका पातळ, की उन्हाकडे धरला तर आतून उजेड दिसत होता. पाठीवर एकच कडी.

विद्यार्थिनी रडायला लागली. मी मोजमाप घ्यायचं विसरून त्याच्याकडे बघत बसले. त्याने आपला इवलासा पांढरा पाय बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर वाळू शोधायला लागला. सगळं नीट झालं, तर आपण दोघंही नसू तेव्हा हा इथेच असेल.

तो तुमच्या हातावर ठेवायला हवा होता. पण त्याला घाई होती, म्हणून पाण्यात सोडला. तीन मिनिटांत वाळूत शिरला, दिसेनासा झाला.

तुमची,
बेडकी