बॉयलर अजून दहा वर्षं चालेल

१ फेब्रुवारी, शनिवार. रात्री

शाळेचं बजेट टपालाने आलं. बत्तीस पानं. दोनदा वाचलं. पान एकोणीसवर बेरीज तीन डॉलरने चुकली आहे. तांबड्या पेनाने दुरुस्त केली.

पान सव्वीस: तळघरातला बॉयलर काढून नवीन बसवणे. त्यासाठी सगळ्या गावाची घरपट्टी वाढणार.

नवीन! हा बॉयलर बावीस वर्षं मी सांभाळतोय. मी, नॉर्म पेल्की, आठवीनंतर कुठल्याही वर्गात न बसलेला. पुस्तक आणून, बर्नर उघडून, बोटं भाजून शिकलो. परवाच पहाटे जाऊन नोझल बदललं. अजून दहा वर्षं सहज चालेल. तसं मी शाळा मंडळाला गेल्या वर्षी लेखी दिलंय. त्याच्या आधीच्या वर्षीही दहाच लिहिलं होतं. माझं मत वर्षावर्षाला बदलत नाही.

८ मार्चला शाळेची सभा आहे. जिममध्ये, सगळ्या मतदारांसमोर. तिथे मतदानात हे बजेट पाडायचं.

संकल्प: शांत राहणे. फक्त आकडे बोलणे.

संध्याकाळी काकवीतले बीन्स. माझी बायको कॉरीन दर शनिवारी करते, मडक्यात, आठ तास मंद आचेवर. सोबत तिचा काळा पाव. मी तिला पान सव्वीस वाचून दाखवलं. तिने मडक्यावर झाकण ठेवलं. म्हणजे पटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री

बजेटची जाहीर सुनावणी. मी सतरा प्रश्न विचारले. शाळा मंडळाची अध्यक्ष डेलिया स्टॉडर्ड चौतीस वर्षांची आहे, पण बोलते साठीच्या बाईसारखी. म्हणाली, मिस्टर पेल्की, बॉयलर एकोणीसशे एकसष्टचा आहे. विमा कंपनीने पत्र दिलंय. नवीन बसला नाही तर पुढच्या हिवाळ्यात इमारत उघडू देणार नाहीत. मग त्रेचाळीस मुलं रोज बसने चाळीस मिनिटं दुसऱ्या गावाला जातील आणि ही शाळा जूनमध्ये बंद होईल.

मी म्हणालो, विमा कंपनीच्या माणसाने बर्नर उघडून पाहिला का? ती म्हणाली, नाही. मी म्हणालो, मी दोनशेदा पाहिलाय. मागून कुणीतरी ओरडलं, दोनशेदा उघडावा लागतो म्हणूनच तर नवीन हवाय! सगळे हसले. मग एक बाई म्हणाली, नॉर्म, तुझा एवढा जीव आहे त्याच्यावर, तर घरी घेऊन जा ना.

घरी येऊन मोजलं. आमच्या तळघराच्या दारापेक्षा तो पाच इंच रुंद आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

वहीत गावाची यादी केली, मला सोडून. घराघराने: हो, नाही, डळमळीत. हो ११२, नाही ११४, डळमळीत ९. कॉरीनला ‘नाही’मध्ये धरलं आहे.

कॉरीन शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं आहे. आज भांडी घासताना म्हणाली, नॉर्म, ‘नाही’ आलं तर जूनमध्ये माझा एप्रन खुंटीवर. तो पुन्हा बांधायला मला दुसरं स्वयंपाकघर मिळणार नाही, या वयात.

मी तिला समजावलं की बॉयलर चांगला असल्यामुळे शाळा बंद पडण्याचा प्रश्नच येत नाही. फक्त विमा कंपनीला पटवायचं आहे. त्यांना पत्र लिहितोय, सहा पानी. तिने सगळं ऐकून घेतलं. मग नळ जोरात सोडला.

बीन्स डब्यातले होते. तिला थकवा असावा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आमच्या अंगणात ‘शाळेसाठी हो’ अशी पाटी. बर्फाच्या ढिगात रोवलेली. डेलियाची माणसं घर चुकली असणार. काढून गॅरेजमध्ये ठेवली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाटी पुन्हा तिथेच. या वेळी बर्फाखालच्या गोठलेल्या जमिनीत ड्रिलने भोक पाडून. भोक अगदी काटकोनात आहे, हे मान्य करावं लागेल. माझं ड्रिल टेबलावर होतं, टोकाला माती. मी ते साफ न करता कधीच ठेवत नाही. विसरलो असेन.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शेजारचा अर्ल डग्गन आला. नाही-पक्षातला माझा उजवा हात. गुप्त मतदान मागायला पाच सह्या लागतात, त्या जमल्या. हात वर करायला लावले तर शेजाऱ्यांच्या भीतीने चार-पाच जण तरी फुटतात. कागदी मतपत्रिकेवर माणूस खरा असतो.

अर्ल कॉफी पिताना म्हणाला, नॉर्म, तुझ्या अंगणात त्यांची पाटी कशी? मी म्हणालो, मुद्दाम ठेवलीय, बेसावध राहतील. अर्लने स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि कॉफी अर्धी टाकून गेला.

बीन्स डब्यातले. गरम करायचे राहिले होते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे ४.४० ला शाळेतून फोन. बॉयलर बंद. गेलो. फिल्टरमध्ये गाळ. साडेसहाला रेडिएटर फुसफुसायला लागले, आणि सव्वासातला कॉरीन कामावर आली तेव्हा स्वयंपाकघर ऊबदार होतं. पैसे घेतले नाहीत. बजेटशी माझं भांडण आहे, बॉयलरशी नाही.

तळघरातून वर येताना भिंतीवर माझ्या वर्गाचा फोटो दिसला. अजून आहे. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा. त्या वर्षी प्रगतिपुस्तकात बाईंनी लिहिलं होतं: सुरुवात उत्तम करतो, शेवटाला पोचत नाही. ते प्रगतिपुस्तक माझ्याकडे आहे. तेव्हापासून मी सगळं शेवटाला नेतो. (घरापुढचा लाकडी ओटा फक्त राहिलाय. लाकूड महाग झालं.)

२२ फेब्रुवारी, शनिवार

भाषण तयार. चौदा पानं. घड्याळ लावून वाचलं: ४१ मिनिटं. सभेत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. कापलं. ३८ झाली. जे राहिलं त्यात कापण्यासारखं एक वाक्य नाही.

जेवायला टेबलावर बंद डबा आणि ओपनर. कॉरीन सभेसाठी घरोघर फोन करत होती. कशासाठी ते मी विचारलं नाही. सभेत चिली (बीन्सचं तिखट कालवण) विकायला असते, त्याबद्दल असेल.

१ मार्च, शनिवार

हो ११७, नाही ११७, डळमळीत १. डळमळीत कोण ते दोनदा तपासलं. मी कॉरीनला तिथे हलवलं आहे. कारण काही नाही. नुसती काळजी म्हणून.

झोप लागत नाही. दुकानात गेलो तर लोक बोलायचे थांबतात. पोस्टात एका बाईने मला रांगेत पुढे जायला सांगितलं, इतक्या थंड आवाजात की मी मागेच उभा राहिलो. तीस वर्षं ज्यांचे बर्नर दुरुस्त करून घरात ऊब ठेवली ते लोक.

गेल्या वर्षी सभापती हॉलिस व्हिचरने कुणाची तरी गाडी बर्फात अडकली म्हणून मतपेटी अकरा मिनिटं जास्त उघडी ठेवली होती. या वर्षी चालणार नाही. सभेच्या सुरुवातीलाच ठराव मांडणार: पेटी बरोबर वीस मिनिटं उघडी राहील. एक सेकंद जास्त नाही. कुणासाठीही नाही.

जेवण: डबा. ओपनर शोधावा लागला.

७ मार्च, शुक्रवार

भाषण ३ मिनिटं ४० सेकंद. जलद वाचायचं.

कॉरीनला विचारलं, उद्या माझ्याबरोबर येणार ना? म्हणाली, मी सहालाच जाणार, दोनशे माणसांचं जेवण आहे. मग दारात थांबून म्हणाली, नॉर्म, तू त्या तळघरात इतक्या पहाटे जातोस. कुणासाठी जातोस?

मी म्हणालो, बर्नरचं काम अर्धवट सोडता येत नाही. तिने दिवा घालवला. उत्तर तिला पटलं असावं.

८ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७.३०

सगळं क्रमाने लिहितो.

१०.०० — जिम गच्च. कोपऱ्यात गाद्यांवर लहान मुलं, आईबाप मत देईपर्यंत सांभाळायला. स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉरीन, चिलीच्या पातेल्यामागे.

१०.१० — माझा वीस मिनिटांचा ठराव. हॉलिस म्हणाला, नॉर्म, माणुसकी म्हणून एखादं मिनिट? मी म्हणालो, माणुसकी मोजता येत नाही, मिनिटं येतात. लोकांना चिलीचा वास आला होता. ठराव मोठ्या बहुमताने मंजूर. पहिला विजय.

१०.५० — भाषण. तीन मिनिटांवर हॉलिसने हातोडा आपटला. मी पान दोनवर होतो. पण मुख्य वाक्य बोलून झालं होतं: हा बॉयलर अजून दहा वर्षं चालेल.

११.३० — चर्चा संपली. पाच सह्यांचा अर्ज दिला. गुप्त मतदान मंजूर. दुसरा विजय.

११.४१ — पेटी उघडली. मतपत्रिका पिवळी. ‘नाही’च्या चौकटीत फुली मारली, रेषेला न शिवता. पण लगेच टाकली नाही. माझं मत शेवटचं असावं असं ठरवलं होतं, म्हणजे तोवर पेटीवर नजर राहते. घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

११.४४ — रेडिएटर गप्प झाले.

बावीस वर्षं ऐकलेला आवाज. तो थांबला की मला पाठीत कळतं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग लोक कोट चढवायला लागले. बाहेर शून्याखाली नऊ, आणि जिमचं छप्पर काचेचं. मुलं गाद्यांवर एकमेकांना चिकटून बसली. रांगेतून कुणीतरी म्हणालं, बघा बघा, बॉयलरनेही मत दिलं! हशा. अर्ल माझ्याकडे न बघता बूट बघत होता. खिडकीतून कॉरीन मात्र बघत होती.

पेटी बंद व्हायला तेरा मिनिटं होती. मी हिशोब केला: खाली जाणं, बर्नर चालू करणं, वर येणं, दहा मिनिटं. आणि बजेटवाल्यांच्या तोंडावर गरम हवा.

तळघर. मोटर आणि पंप यांना जोडणारं कपलिंग तुटलं होतं. माझ्याच हातचं, २००९ सालचं. घड्याळ काढून पाइपवर ठेवलं. फिरत्या यंत्रात हात घालताना मनगटावर काही ठेवायचं नसतं, हा माझा नियम. रबरी नळीचा तुकडा कापला, दोन्ही टोकांना क्लॅम्प. ज्योत पकडली. निळसर पिवळी, स्थिर. थोडा वेळ बघत उभा राहिलो. एवढी चांगली ज्योत सोडून लगेच निघता येत नाही.

वर आलो तेव्हा रेडिएटर फुसफुसत होते. हॉलिस पेटीला कुलूप लावत होता. भिंतीवरच्या घड्याळात १२.०३.

मी म्हणालो, हॉलिस, माझं मत राहिलंय. तो म्हणाला, नॉर्म, तुला मी सांगायला हवं का?

१२.२५ — निकाल. हो ११८. नाही ११७.

बरोबरी झाली असती तर बजेट पडलं असतं. हे त्या जिममध्ये माझ्यापेक्षा चांगलं कुणालाच माहीत नाही.

अर्ल येऊन म्हणाला, विकलंस आम्हाला. आणि गेला. मी काही सांगणार तोच डेलियाने माइक घेतला. म्हणाली, मिस्टर पेल्की आमच्या विरोधात होते, सगळ्यांना माहीत आहे. पण मुलं थंडीत बसलेली बघून ते स्वतःचं मत सोडून खाली गेले. आणि टाळ्या. उभं राहून. ज्या बाईने पोस्टात मला पुढे जायला सांगितलं होतं, तीही.

मी सांगणारच होतो. पण टाळ्या फार मोठ्या होत्या. चूक दुरुस्त करायला योग्य वेळ लागते.

कॉरीन खिडकीतून बाहेर आली. हात एप्रनला पुसत. माझ्या बाहीवर लागलेली काजळी अंगठ्याने पुसायला लागली. पुसली जात नव्हती. तरी पुसत राहिली.

आज रात्री मडक्यातले बीन्स. तिने पहाटे चारला चढवले होते म्हणे, सभेत काहीही झालं तरी खायला असावं म्हणून. काळा पाव. दोनदा वाढून घेतलं.

११ मार्च, मंगळवार

विचार केला. माणूस तळघरात जातो तेव्हा कुठेतरी मनात त्याला माहीत असतंच. म्हणजे डेलिया म्हणाली ते तपशिलात चुकीचं असलं तरी एकूण बरोबर आहे. गावातल्या गॅरेजवर लोकांनी विचारलं तेव्हा तसंच सांगितलं.

१३ मार्च, गुरुवार

मुलांनी केलेलं कार्ड आलं. बॉयलरचं चित्र, त्याला डोळे काढलेत. खाली: मिस्टर पेल्की, आम्हाला ऊब दिल्याबद्दल आणि मत न दिल्याबद्दल थँक्यू. कॉरीनने फ्रिजवर लावलं. रात्री तिने बहिणीला फोनवर सांगितलेलं ऐकू आलं: तो तसा वाटतो, पण तसा नाही.

साप्ताहिकाला पत्र लिहायला घेतलं. मथळा: ‘मी मत का दिलं नाही’. सहा पानं झाली.

१५ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६.२०

दिवसभर घरात काकवीचा वास. पत्र पूर्ण केलं. शाळेत आज सगळ्यांचं आभाराचं जेवण आहे. मला वाटलं, आम्ही दोघं जाऊ. केस विंचरले. कोट सापडेना.

कॉरीनने धुवायला टाकला होता. तिला काजळीचे डाग सहन होत नाहीत.

पाच वाजता ती मडकं टॉवेलात गुंडाळून एकटीच गेली. दारात म्हणाली, फुली अगदी सुबक मारली आहेस, नॉर्म.

टेबलावर बीन्सचा बंद डबा. त्याच्याखाली कोटाच्या खिशातली पिवळी मतपत्रिका. शाई थोडी पसरली आहे, पण चौकट स्पष्ट आहे. तिने ती इस्त्री केली आहे.

साप्ताहिकाचं पत्र चुलीत टाकलं. चांगलं पेटलं.

ओपनर सापडला नाही. सगळे खण पाहिले. शेवटी छिन्नी आणि हातोडीने डबा उघडला. स्वतः शिकलेल्या माणसाचं कुठे अडत नाही.

निम्मे बीन्स सांडले. उरलेले गार.