ढोलबंदीचा महिना

२८ एप्रिल, रविवार

सामान लागलं एकदाचं. खोली एक, ओटा एक. नळ, न्हाणीघर आणि अंगण मात्र समोरच्यांबरोबर वाटून घ्यायचं. समोर तिघी राहतात – आमानुआ आजी, तिची मुलगी कोकोर आणि कोकोरची देदेई, आमच्या लेकाच्या, फिफीच्याच वयाची, दीड वर्षाची. माणसं अस्सल आक्राची, गा जमातीची. आम्ही केप कोस्टचे. अजून बोलणं झालेलं नाही. नवरा, एबो, म्हणतो, "बोलायची गरजही नाही. चर्च मागच्याच गल्लीत आहे, तेवढ्यासाठी आलोय."

एबो आठवडाभर टायर बदलतो आणि रविवारी चर्चमध्ये ढोल वाजवतो. माझ्या मते तो जिवंत असतो तो फक्त रविवारी. आज फिफी ढोलाशेजारी, लाकडी मंचावर, स्पीकरला दोन्ही तळवे लावून नाचला. गुडघे असे हलत होते की म्हाताऱ्या बायकाही उठल्या. पास्टर म्हणाले, "एबो, हा तुझी गादी चालवणार." एबो दिवसभर हवेत होता.

१ मे, बुधवार

पहाटे आजी अंगणात उभी. पांढरं नेसलेली, अनवाणी. बाटलीतून जमिनीवर दारू ओतत होती आणि गेलेल्यांना एकेकाच्या नावाने हाक मारत होती. त्यांच्या घराण्याकडे समुद्राच्या देवाचं पुजारीपण आहे म्हणे. एबोने खिडकी उघडली आणि चर्चची गाणी मोठ्याने लावली, मुद्दाम. आजीने आपलं सगळं सावकाश पुरं केलं. मग खिडकीशी येऊन म्हणाली, "गाणं चांगलं आहे रे. पण बायकोला झोपू दे की."

मला हसू आलं. एबोला नाही.

६ मे, सोमवार

बंदी सुरू झाली. महिनाभर शहरात ढोल नाही, भोंगा नाही, प्रेतयात्रेतही वाजंत्री नाही. गा लोकांनी देवाच्या शेतात मका पेरलाय, तो उगवेपर्यंत देवांना शांतता लागते. एबो म्हणाला, "मक्याला कान कधी फुटले?" पण नगरपालिकेची माणसं चर्चचे स्पीकर उचलून नेतात, म्हणून पास्टरांनी ढोल कपाटात ठेवलाय. एबो जेवताना टेबलावर बोटं वाजवतो. त्याचंही वाईट वाटतं.

११ मे, शनिवार

कोकोरच्या वेण्या घातल्या. ओट्यावर आरसा मांडल्यापासून पहिलं गिऱ्हाईक तीच. केस दाट, तोंड त्याहून दाट. "तुम्ही केप कोस्टवाले केंकेचे मक्याचे गोळे केळीच्या पानात का गुंडाळता? चव नसते म्हणून?" मी म्हटलं, तुम्ही मक्याच्या सालीत गुंडाळता, ते निदान सालीसकट खाता येत असेल. आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. तळलेली मासळी आणि शितोची काळी चटणी पाठवली तिने. एबोने हात लावला नाही. "देवापुढे ठेवलेलं असेल." मी त्याच्या वाटचंही खाल्लं.

फिफी आणि देदेई दिवसभर एकाच घमेल्यात बसून होती. देदेई अखंड बडबडते. हा नुसता बघतो. सासूबाई फोनवर म्हणाल्या, एबोही तिसऱ्या वर्षी बोलला, आणि मग थांबलाच नाही.

१५ मे, बुधवार

कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर फुटला. केवढा आवाज! एरवी गल्लीच्या कलकलाटात जिरला असता, आता सगळी गल्ली दचकली. कोंबड्या पत्र्यावर. देदेई रडून काळीनिळी. फिफी त्यांच्याकडे पाठ करून माझा कंगवा चघळत होता, तो चघळतच राहिला. मी ऐटीत म्हटलं, ढोलाजवळ वाढलेला आहे, घाबरत नाही.

आजी काही बोलली नाही. नेहमी बोलते.

१७ मे, शुक्रवार

आज बोलली. नळावर. "पोरी, राग मानू नकोस. तुझ्या लेकराला ऐकू येत नाही."

मी म्हटलं, आजी, जीभ सांभाळा. चर्चमध्ये येऊन बघा कसा नाचतो. ऐकू न येता नाचेल कसा?

"ते मला नाही माहीत. मी हाक मारते, तो वळत नाही. एवढंच बघितलंय."

बादली अर्धीच भरून घरी आले. संतापले होते. अजून आहे.

१८ मे, शनिवार

फिफीच्या मागे उभं राहून ताट वाजवलं. वळला नाही.

१९ मे, रविवार

पुन्हा वाजवलं. नाही. नाव घेतलं, ओरडले. नाही. वैतागून पाय आपटला तर लगेच वळला आणि हसला! म्हणजे येतं ऐकू. म्हातारीच्या डोळ्यांत दोष.

चर्चमध्ये ढोलाशिवाय गाणी झाली. फिफी बाकाखाली झोपून गेला.

२२ मे, बुधवार

एबोला सांगितलं. आधी हसला. मग त्यानेही ताट वाजवलं. मग तो बराच वेळ ताट हातात धरून बसला.

२६ मे, रविवार

पास्टरांना भेटलो. त्यांनी शांतपणे सगळं विचारलं. बंदीच्या आधी नाचत होता ना? होता. सगळ्यांनी पाहिलं ना? पाहिलं. बंदी लागली आणि कान बंद झाले? "मग अंगणापलीकडे कोण राहतं, ते बघा."

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. कोणी बंद केले असतील तर कोणी उघडूही शकेल.

पास्टरांनी सांगितलं, कानांत तेल घालायचं, उपास करायचा. त्या घरचं काही घ्यायचं नाही. एबो नवीन खोली शोधणार आहे, कासोआकडे, पार शहराबाहेर.

२९ मे, बुधवार

नळावर आजी आली की मी आत येते. देदेई दारात आली, मी दार लावलं. कोकोरने अंगणातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आई, आपल्या अंगणात कोणाचे कान पडलेत का बघ गं. सापडले तर धुऊन देऊ त्यांना."

कळलंय त्यांना. लाज वाटली. दार तरीही उघडलं नाही.

६ जून, गुरुवार

बंदी उठली. दुपारपासून सगळीकडून ढोल. एबोने चर्चचा ढोल स्वतः पुसला.

९ जून, रविवार

फिफी नाचला. पहिल्याच ठोक्याला. मंचावर, स्पीकरला तळवे लावून, अगदी पूर्वीसारखा. पास्टर ओरडले, कान उघडले! सगळं चर्च उभं राहिलं. एबो वाजवता वाजवता रडत होता. बायका माझ्या गळ्यात पडत होत्या. मीही रडले.

मग बाकाच्या पाठीला धरून उभी राहिले. बाकाची पाठ थरथरत होती. जमीनही. माझ्या दातांपर्यंत येत होती थरथर.

मी फिफीला उचलून बाहेर नेलं. मागे वाळू आहे, तिथे ठेवलं. ढोल तिथे स्पष्ट ऐकू येत होता, पार गल्लीच्या टोकापर्यंत जात असेल. फिफी थांबला. वाळूत बोट घालून भोक पाडू लागला. मी मागून हाक मारली. पुन्हा मारली. उचलून आत मंचावर ठेवलं – नाचायला लागला. पुन्हा बाहेर नेलं – थांबला.

आतल्या बायकांना वाटलं, मी आनंदाने वेडी झालेय.

तो नाचत होता ते अंगात शिरणाऱ्या थरथरीवर. पाय आपटला तेव्हाही तेच. कोणी काही बंद केलं नव्हतं. बंदीत गोंगाट थांबला, म्हणून आम्हाला दिसलं एवढंच.

११ जून, मंगळवार

कोकोरच्या दारात गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, ऐनवेळी एवढंच म्हटलं – मोठ्या हॉस्पिटलात कानाचा विभाग कुठे आहे, माहीत आहे का? ती देदेईला भरवत होती. वर न बघता म्हणाली, "गुरुवारी माझी सुट्टी आहे. सकाळी लवकर निघू."

१३ जून, गुरुवार

यंत्र लावलं, तारा लावल्या. डॉक्टरीणबाई तरुण होती, घाई करत नव्हती. जन्मापासूनच. दोन्ही कान. तुमच्या हातून काही झालेलं नाही, म्हणाली. इथून जवळच एक वर्ग भरतो, दर मंगळवारी. मुलं हातांनी बोलायला शिकतात, आयांनीही शिकायचं. जितकं लवकर तितकं बरं. उशीर केला तर नुसता बघत बसेल.

परतताना कोकोर एक अक्षर बोलली नाही. तिला हे जमतं हे मला माहीत नव्हतं.

१४ जून, शुक्रवार

आजीची माफी मागितली. म्हटलं, मी तुमच्यावर आळ घेतला. ती मासळी साफ करत होती.

"अगं, मला कान उघड-बंद करता आले असते तर आधी नवऱ्याचे उघडले असते. मरेपर्यंत त्याने माझं एक ऐकलं नाही."

मी हसता हसता रडायला लागले. तिने मासळीच्या हातानेच माझं तोंड पुसलं. अजून वास येतोय.

१६ जून, रविवार

एबोला हॉस्पिटलचा कागद दाखवला. त्याने वाचला. घडी घालून परत दिला. चर्चच्या दारावर कालच फलक लागलाय, फिफीच्या फोटोसकट – देवाने कान उघडले. पुढच्या महिन्यात एबोला सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची आहे.

"मी त्याला वाजवायला शिकवणार होतो," म्हणाला. नंतर म्हणाला, "कासोआला खोली मिळालीय. तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही." मी वर्गाचं काढलं. "हात हलवायला लागला की सगळ्यांना कळेल. थांबू ना थोडं. पास्टर प्रार्थना करतायत."

तो वाईट माणूस नाही. हे मला लिहून ठेवायचं होतं.

१८ जून, मंगळवार

एबो कामाला गेल्यावर वर्गाला जाऊन आले. सहा-सात मुलं, आया, चटया. खोलीत चिडीचूप आणि तरी सगळे एकमेकांशी बोलत होते, भांडतसुद्धा होते. फिफी आधी माझ्या मागे लपला. मग एका मुलीने 'पाणी' करून दाखवलं, ते तो बघत राहिला. इतका टक लावून मी त्याला कशाकडेच बघताना पाहिलं नव्हतं.

२५ जून, मंगळवार

दुसऱ्यांदा गेले. फिफीने पाणी मागितलं. हाताने. माझ्याकडे.

कासोआहून इथे यायला गर्दीत अर्धा दिवस जातो. एबोला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "शनिवारी ट्रक येतोय."

२९ जून, शनिवार

ट्रक आला. सगळं चढवून झाल्यावर मी माझा आरसा, कंगवे आणि फिफीची गादी खाली उतरवून घेतली. पलंग एकटीला उचलेना, दुसरी बाजू कोकोरने धरली. एबो बघत होता. म्हणाला, "हे काय?" मी म्हटलं, मंगळवारी वर्ग आहे. त्याने ट्रकची मागची फळी लावली. मग पुढे बसला आणि ट्रक गेला.